ओटीटीच्या जमान्यात लोक पिक्चरच्या डिस्क विकत घेऊन फोटो का टाकतायत?

इन्स्टाग्राम किंवा रेडिटवर सिनेमावाल्यांच्या गोतावळ्यात थोडं फिरलात तर एक फोटो हमखास दिसेल. पलंगावरच्या चादरीवर सहा-सात ब्लू-रे ओळीने मांडून ठेवलेले. खाली एवढंच, 'या आठवड्याची खरेदी'. आणि कमेंटमध्ये जत्रा. एक विचारतो, केवढ्याला पडलं? दुसरा म्हणतो, हे माझ्याकडे आहे, आधी दुसरी डिस्क बघ, त्यातली मुलाखत भारी आहे. तिसरा नुसताच रडका इमोजी टाकून जातो, कारण त्यातली एक डिस्क तो दोन वर्षं शोधतोय.

बाहेरून बघणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो की अरे, आता डीव्हीडी कोण घेतं? दोनशे-पाचशे रुपयांत महिन्याभराचं ओटीटी मिळतं, त्यात हजारो पिक्चर. मग एका पिक्चरसाठी दोन-तीन हजार घालवणारे हे लोक वेडे आहेत की त्यांना काहीतरी कळलंय जे आपल्याला कळलेलं नाही?

उत्तर थोडं दोन्हीकडे आहे. नीट समजून घेऊ.

आधी भाषा शिकून घेऊ

अशा पोस्टला या मंडळींमध्ये 'हॉल' म्हणतात. हा लग्नाचा हॉल नाही. जाळं टाकल्यावर एका खेपेत जेवढी मासळी येते तो हा हॉल. म्हणजे एका फेरीत झालेली सगळी खरेदी.

बाकीचे शब्दही मजेशीर आहेत. पिक्चर न बघताच, फक्त दिग्दर्शकाच्या नाही तर कंपनीच्या भरवशावर डिस्क घेतली तर तो 'ब्लाइंड बाय'. डब्यावरचं पुठ्ठ्याचं चकचकीत आवरण म्हणजे 'स्लिपकव्हर'. पत्र्याचा डबा असेल तर 'स्टीलबुक'. छपाई बंद झालेली डिस्क 'ओओपी', आणि तिची किंमत मग विकणारा म्हणेल ती. कपाटाचा फोटो म्हणजे 'शेल्फी'.

या जगातलं सगळ्यात मानाचं नाव आहे क्रायटेरियन कलेक्शन. १९८४ साली अमेरिकेत सुरू झालेली ही कंपनी. तेव्हा डीव्हीडी नव्हती, एलपी रेकॉर्डएवढ्या मोठ्या लेझरडिस्क होत्या. 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' हे त्यांचे पहिले दोन पिक्चर. चांगली प्रिंट शोधायची, ती साफ करायची, सोबत मुलाखती, जाणकारांची कॉमेंट्री, छोटी पुस्तिका द्यायची, ही पद्धत त्यांनी रुळवली. प्रत्येक डब्याच्या कण्यावर नंबर असतो, त्यामुळे लोक नंबर लावून गोळा करतात. आपल्याकडे दिवाळी अंक जपून ठेवणारे असतात ना, साधारण तोच स्वभाव.

क्रायटेरियनच्या ऑफिसात डिस्कने भरलेली एक खोली आहे. तिथे मोठमोठे दिग्दर्शक आणि नट येतात, आवडीच्या डिस्क उचलतात आणि का उचलली ते सांगतात. हे व्हिडिओ इतके चालले की २०२४ मध्ये कंपनीने त्या खोलीची व्हॅन केली आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभी केली. आत मोजकी मिनिटं मिळावीत म्हणून लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. हॉल पोस्टची लाट वर्षातून दोनदा येते, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये. बार्न्स अँड नोबल ही अमेरिकेतली पुस्तकांची साखळी तेव्हा क्रायटेरियनवर निम्मी सूट देते. आपल्याकडे दिवाळीच्या सेलला टीव्ही घेतात तसं हे लोक फेलिनी आणि कुरोसावा घेतात.

घरात पिक्चर आला कसा?

हा भाग झटपट उरकू, कारण तो तुमच्या आई-बाबांना तोंडपाठ आहे.

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे व्हीसीआर आला. तो विकत घेणं परवडायचं नाही, म्हणून गणपतीत किंवा लग्नघरात तो भाड्याने यायचा. सोबत तीन कॅसेट, आणि अख्खी वाडी रात्रभर जागी. मुंबईतल्या शेमारूचीच गोष्ट बघा. १९६२ मध्ये पुस्तकं भाड्याने देणारं वाचनालय म्हणून ते सुरू झालं. १९७९ मध्ये तिथे व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळू लागल्या. पुढे ती पिक्चर विकणारी मोठी कंपनी झाली.

नव्वदच्या शेवटी व्हीसीडी आली. एक पिक्चर दोन नाही तर तीन डिस्कमध्ये, आणि ऐन क्लायमॅक्सला उठून दुसरी सीडी लावायची. चित्र डीव्हीडीपेक्षा बरंच धूसर, पण स्वस्त. २००७ च्या सुमाराला मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली. स्टेशनबाहेरच्या पायरसीवाल्यालाच आव्हान होतं ते. मराठी घरांमध्ये सिनेमासोबत नाटकांच्या व्हीसीडी आल्या त्या याच काळात.

मग इंटरनेट स्वस्त झालं आणि सगळं गुंडाळलं गेलं. मुंबईचं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. गल्लीतल्या सीडीच्या दुकानाचं मोबाइल रिचार्जचं दुकान झालं.

म्हणजे डिस्क मेली?

आकडे बघितले तर तसंच वाटतं. २००५ च्या आसपास एकट्या अमेरिकेत डीव्हीडीची विक्री वर्षाला १६ अब्ज डॉलरच्या घरात होती. २०२४ मध्ये सगळ्या डिस्क मिळून हा आकडा एक अब्ज डॉलरच्याही खाली आला.

नेटफ्लिक्सची सुरुवातच पोस्टाने डीव्हीडी पाठवण्यापासून झाली होती, १९९८ मध्ये. २९ सप्टेंबर २०२३ ला त्यांनी शेवटची डिस्क पाठवली. तोवर ५२० कोटींहून जास्त डिस्क पाठवून झाल्या होत्या. बेस्ट बाय या अमेरिकेतल्या बड्या दुकानाने २०२४ मध्ये पिक्चरच्या डिस्क विकणं थांबवलं. सॅमसंगने २०१९ मध्येच नवे प्लेअर काढणं सोडलं होतं, एलजीनेही २०२४ मध्ये हात वर केले.

इथे एक गैरसमज दूर करू. २०२५ च्या सुरुवातीला 'सोनीने ब्लू-रे बंद केलं' अशा पोस्ट फिरल्या. सोनीने बंद केल्या त्या कोऱ्या डिस्क, ज्यावर आपण स्वतः रेकॉर्डिंग करतो त्या. पिक्चरच्या डिस्क निघतच आहेत.

उलट गंमत अशी की एकूण बाजार आटत असताना त्यातला एक कोपरा वाढलाय. ॲरो, किनो लॉर्बर, व्हिनेगर सिंड्रोम, सेकंड रन अशा छोट्या कंपन्या जुने, विसरलेले पिक्चर साफसूफ करून देखण्या डब्यात काढतात. डिस्क आता सगळ्यांची वस्तू उरली नाही, ती शौकिनांची झाली. जे एलपी रेकॉर्डचं झालं तेच हे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'ओपनहायमर'ची ४के डिस्क आली आणि पहिल्याच आठवड्यात मोठ्या दुकानांमधला माल संपला. ख्रिस्तोफर नोलानने आधीच गमतीत सांगितलं होतं की ही डिस्क घरात ठेवा, म्हणजे कुठली स्ट्रीमिंग कंपनी ती तुमच्याकडून चोरून नेऊ शकणार नाही. गिलेर्मो देल तोरोने तर डिस्क जपणाऱ्यांची तुलना 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीतल्या माणसांशी केली. जिथे पुस्तकं जाळली जातात तिथे ती पाठ करून जिवंत ठेवणारी माणसं.

एवढं घाबरण्यासारखं काय आहे?

मुद्दा एक, पिक्चर गायब होतात. ओटीटीवरचा बराचसा माल ठराविक मुदतीच्या करारावर असतो. करार संपला की पिक्चर गेला, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. पण कंपन्या स्वतःचा मालही काढून टाकतात. एचबीओने 'वेस्टवर्ल्ड' ही आपलीच गाजलेली मालिका २०२२ मध्ये आपल्याच ओटीटीवरून उतरवली. डिस्नेने तर 'क्रेटर' नावाचा नवाकोरा पिक्चर मे २०२३ मध्ये आणला आणि दोनच महिन्यांत काढून टाकला. कारण हिशेबाचं. माल ठेवायचाही खर्च असतो, आणि काढला की तोटा दाखवून कर वाचवता येतो.

मुद्दा दोन, 'बाय' दाबलं म्हणजे आपलं झालं असं नाही. ऑनलाइन दुकानातून पिक्चर विकत घेतो तेव्हा आपण खरंतर तो बघण्याची परवानगी घेत असतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे लोकांच्या किंडलमधून विकलेलं पुस्तक परस्पर पुसलं. पुस्तक कुठलं, तर जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४'! सरकार लोकांच्या आठवणी पुसतं अशी गोष्ट सांगणारं पुस्तक. पैसे परत दिले, माफीही मागितली, पण काय होऊ शकतं ते जगाने बघितलं. आता कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की ग्राहकाला हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा डिजिटल मालावर 'विकत घ्या' लिहायचं नाही.

मुद्दा तीन, पिक्चर बदलतात आणि तुम्हाला कोणी सांगत नाही. २०२३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की 'द फ्रेंच कनेक्शन' या ऑस्करविजेत्या पिक्चरमधला एक वादग्रस्त संवाद असलेला तुकडा स्ट्रीमिंगवरून उडालाय. यात क्रायटेरियनचा स्वतःचा स्ट्रीमिंग चॅनेलही होता, बरं का. तो संवाद वाईटच होता, पण तो पात्राचा वाईटपणा दाखवायलाच होता. कापलं हे कळलं कसं? ज्यांच्या घरी जुनी डिस्क होती त्यांनी लावून बघितली म्हणून.

मुद्दा चार, दर्जा. नेटफ्लिक्सवर ४के बघायला साधारण १५ एमबीपीएसचं नेट लागतं. दोन तासांचा पिक्चर तेवढ्या वेगाने आला तरी १३-१४ जीबी होतो. तोच पिक्चर ४के डिस्कवर ६६ नाही तर १०० जीबीच्या जागेत बसतो. अंधारातला सीन, पाऊस, धूर, गर्दी अशा ठिकाणी हा फरक दिसतो. ओटीटीवर काळ्या रंगात चौकोन चौकोन दिसतात, डिस्कवर ते जवळपास दिसत नाहीत. मात्र मोबाइलवर बघणार असाल तर हा मुद्दा सोडून द्या.

मुद्दा पाच थोडा आडवळणाचा आहे, पण महत्त्वाचा. 'हॉट वन्स' या यूट्यूब कार्यक्रमात २०२१ मध्ये मॅट डेमनने तो सोपा करून सांगितला होता. पूर्वी पिक्चर थिएटरात कमी चालला तरी सहा महिन्यांनी डीव्हीडीवर दुसऱ्यांदा कमवायचा. त्या भरवशावर निर्माते मधल्या बजेटचे, जरा वेगळे पिक्चर काढायचे. तो दुसरा गल्ला गेला आणि तसे पिक्चरही गेले. 'द शॉशँक रिडेम्प्शन' १९९४ मध्ये थिएटरात पडला होता. पुढच्या वर्षी कॅसेट भाड्याने नेऊन नेऊन लोकांनी तो उचलला. आज तो लोकांच्या आवडत्या पिक्चरच्या यादीत असतो तो त्यामुळे.

भारतात बसून डिस्क घ्यायची तर?

बघून हात शिवशिवायला लागले असतील तर आधी हे वाचा, कारण नवशिक्याचे पैसे इथेच बुडतात.

डिस्कला 'रिजन कोड' असतो. जग भागांमध्ये वाटलेलं आहे आणि एका भागाची डिस्क दुसऱ्या भागाच्या प्लेअरवर चालेलच असं नाही. डीव्हीडीत भारत ५ क्रमांकात येतो. ब्लू-रेमध्ये तीन भाग आहेत. अमेरिका आणि जपान ए, युरोप बी, आणि भारत सी. म्हणजे भारतात घेतलेल्या साध्या प्लेअरवर अमेरिकेची रिजन ए डिस्क लावली तर पडद्यावर फक्त 'ही डिस्क इथे चालणार नाही' एवढं दिसेल. क्रायटेरियनच्या अमेरिकेतल्या ब्लू-रे ए गटात येतात, त्यामुळे आपल्याकडे हा धक्का बऱ्याच जणांना बसतो.

यावर दोन उपाय. एक, सगळे रिजन चालवणारा प्लेअर. दोन, ४के डिस्क घेणं, कारण त्यांना बहुतेक कधीच रिजनचं कुलूप नसतं. फक्त त्याच डब्यात जोडीला आलेल्या ब्लू-रेला असू शकतं. प्लेअर नसेल तर डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन ५ वर किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर ४के डिस्क चालते. ड्राइव्ह नसलेलं मॉडेल स्वस्त पडतं म्हणून घेतलं असेल तर त्यावर डिस्क तशी थेट चालणार नाही.

बाहेरून मागवताना डिस्कच्या किमतीवर कुरिअर आणि कस्टम्सही लागतं. म्हणून आपल्याकडचे बरेच शौकीन परदेशातून येणाऱ्या भावाच्या, मैत्रिणीच्या बॅगेवर अवलंबून असतात. खाकरा-चकली जाताना, ब्लू-रे येताना.

दुसरी बाजूही ऐका

हा छंद सरसकट उदात्त आहे असं नाही. बऱ्याच शेल्फीत निम्म्या डिस्कचं प्लास्टिकही उघडलेलं नसतं. एकच पिक्चर आधी डीव्हीडी, मग ब्लू-रे, मग ४के, मग पत्र्याचा डबा असं चारदा घेणारे आहेत, आणि कंपन्यांनाही ते पक्कं ठाऊक आहे. मर्यादित आवृत्ती काढायची, ती संपवायची, मग लोकांनी ती तिप्पट भावाने विकायची, हा धंदाही जोरात चालतो. फोटो टाकण्यासाठी खरेदी आणि खरेदी झाली म्हणून फोटो, या चक्रात अडकलेले लोक तुम्हाला कुठल्याही छंदात दिसतील.

आणि डिस्क अमर नसते. आतला चकाकता थर खराब झाला की ती वाचलीच जात नाही, याला 'डिस्क रॉट' म्हणतात. वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केलं की २००६ ते २००८ या काळात बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडींना ही कीड लागलीय. डिस्क नीट राहिली तरी ती चालवायला प्लेअर लागतो, आणि प्लेअर बनवणारे कमी होतायत.

हे मला घरीच कळलं. आमच्या टीव्हीच्या कपाटात बाबांनी जमवलेल्या मराठी नाटकांच्या तीसेक व्हीसीडी आहेत. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना काढल्या. प्लेअर कधीच भंगारात गेला होता, म्हणून एका मित्राचा जुना लॅपटॉप आणला. निम्म्याच चालल्या. बाकीच्या नुसत्या घरघर करून थांबल्या. त्यातलं एक नाटक बाबांना परत बघायचं होतं. ते मी ओटीटीवर, यूट्यूबवर सगळीकडे शोधलं. मिळालं नाही.

आपल्या सिनेमाचं काय?

मला वाटतं खरा प्रश्न इथे आहे. अमेरिकेतल्या शौकिनाला भीती वाटते की आवडता पिक्चर उद्या ओटीटीवरून जाईल. आपल्याकडचे कितीतरी पिक्चर आधीच गेलेत.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. आज त्याचा काही भागच उरलाय. 'आलम आरा', १९३१ चा पहिला भारतीय बोलपट, पूर्ण हरवलाय. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं म्हणून बरंच वाचलं. पण जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि तिथे ठेवलेली जुनी नायट्रेट रिळं जळून गेली. नायट्रेटची फिल्म बारुदासारखी पेटते, एकदा लागली की विझवता येत नाही.

उलट उदाहरणही आहे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. जे उरलं ते ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाने फेकलं नाही, डब्यांत भरून ठेवलं. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबने ते जळके, आकसलेले तुकडे ओले करून सरळ केले. 'पथेर पांचाली'चा साधारण ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून जास्त भाग त्या निगेटिव्हमधून वाचवता आला. बाकी भाग जगभरातल्या चांगल्या प्रतींमधून घेतला. या कामामागे क्रायटेरियन होती. २०१५ मध्ये ते ब्लू-रेवर आलं आणि जगभरच्या लोकांनी चादरीवर मांडून त्याचे फोटो टाकले.

साखळी लक्षात आली का? डिस्क घेणारे होते म्हणून कंपनी होती, आणि कंपनी होती म्हणून जळकी रिळं साफ करायला कोणीतरी पैसे घातले. फोटो टाकणारा मुलगा फक्त मिरवत नसतो, नकळत पुढच्या दुरुस्तीचं बिलही भरत असतो. आपल्याकडे मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून जुने पिक्चर वाचवायचं काम करतेय. २०२५ मध्ये 'शोले' त्याच्या मूळ, सेन्सॉरने बदलायला लावण्याआधीच्या शेवटासह बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला, त्यातही तिचा हात होता.

मराठीसाठी असा ग्राहकच उभा राहिलेला नाही. आपण मराठी पिक्चरवर जीव टाकतो, मीम करतो, संवाद पाठ म्हणतो. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातला एखादा पिक्चर स्वच्छ प्रिंटमध्ये, सबटायटलसकट हवा म्हटलं तर बहुतेक वेळा कोणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड करून टाकलेली, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो असलेली प्रतच हाती लागते.

म्हणून उद्या कोणी डिस्कचा फोटो टाकला तर हसायच्या आधी एक करा. घरातलं टीव्हीचं कपाट, माळ्यावरची पेटी उघडा. जुन्या व्हीसीडी, कॅसेट, लग्नाचं शूटिंग, काय असेल ते बघा. जे अजून चालतंय त्याची प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ठेवा. डिस्क उन्हात, ओलीत ठेवू नका, उभी ठेवा, कडेने धरा. आणि एखादा आवडता मराठी पिक्चर चांगल्या रूपात विकायला आलाच, तर तो एकदा विकत घ्या.

बाबांच्या न चाललेल्या व्हीसीडी मी अजून फेकलेल्या नाहीत. एक माणूस सांगत होता की काही प्लेअर खराब डिस्कही वाचतात. जुन्या बाजारात शोधतोय. मिळाला तर फोटो टाकेन.